नेट आले, पण कोणाच्या घरी?

अंजनगाव सुर्जी हे आमचे गाव इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीपुरते येते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी येथे तह केला, त्या तहाला गावाचे नाव मिळाले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते परीक्षेपुरते पाठ केले. त्यापलीकडे मुंबई-पुण्याच्या वाचकाला आमची ओळख बहुधा नसते. विड्याच्या पानांचे मळे, पानपिंपरीचे वेल, संत्र्याच्या बागा, तालुक्यातच असलेले संत गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव आणि उत्तरेला सकाळच्या उन्हात निळी दिसणारी सातपुड्याची रांग, एवढे सांगितले की आमचे वर्णन संपले. पण गेल्या काही वर्षांत या गावाला आणखी एक वैशिष्ट्य लाभले आहे. येथून अमरावतीच्या वाटेने गेले तर मोबाइलच्या पडद्यावरच्या त्या चार उभ्या रेघा तुमची साथ सहसा सोडत नाहीत. परतवाड्यावरून उत्तरेकडे मेळघाटाचा घाट चढू लागले की मात्र त्याच रेघा एकेक करून मावळतात. दोन जगांची शीव कोठे आहे हे पाहावयास कोणाला परदेशी जाण्याचे कारण नाही; एस.टी.चे तिकीट पुरते.

या रेघांना आमच्याकडे ‘रेंज’ म्हणतात आणि रेघांतून जे येते त्याला ‘नेट’. मराठीचा अध्यापक या नात्याने मी फळ्यावर ‘आंतरजाल’ असा शब्द लिहितो, ‘महाजाल’ हा दुसराही सांगतो. मुले तो निमूटपणे वहीत उतरवून घेतात आणि मधल्या सुट्टीत, “सर, नेटवर पाहा ना जरा, निकाल लागला का!” असे म्हणत भोवती गोळा होतात. ज्या वस्तूवाचून रोज अडते तिला माणूस आपल्या जिभेच्या सोयीचे नाव देतो, कोशकारांना विचारीत बसत नाही. तेव्हा या लेखापुरते मीही नेटच म्हणणार आहे.

आता कोणी विचारील, नेटवाचून खरोखरच एवढे अडते काय? वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न शोभून दिसला असता. त्या वेळी नेट ही हौशी माणसाची चीज होती. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केले, तेही मोजक्या मोठ्या शहरांत. आणि वर्षाकाठी त्यासाठी जी हजारांची रक्कम मोजावी लागे ती मध्यमवर्गीयाला पेलणारी नव्हती. ज्याच्याकडे नेट नव्हते त्याचे काहीही बिघडत नव्हते. पोस्ट होते, बँकेची खिडकी होती, तहसिलीत कारकून होता. आज ती खिडकीच मोबाइलमध्ये जाऊन बसली आहे. २०२५ साली अकरावीचे प्रवेश प्रथमच साऱ्या महाराष्ट्रात, खेड्यापाड्यांसकट, ऑनलाइन झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’वर. सात-बारा नेटवर. वावरात काय पेरले त्याची नोंद मोबाइलवर. ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या बायकांना सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सक्तीचे झाले, म्हणजे आधार क्रमांक घाला, मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक घाला, मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक घाला आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा अंकही घाला. विधवा बाईने कोणाचा अंक घालावा, हा प्रश्न कोणाला पडला तेव्हा मुदती वाढू लागल्या. पूर्वी नेट नसलेला माणूस केवळ एका मौजेला मुकत असे. आता तो हक्काला मुकतो. सारा फरक येथे आहे.

जगाची परिस्थिती पाहिली तर मन थोडे थक्क होते. संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना दरवर्षी याचा हिशेब मांडते. तिच्या २०२४च्या अंदाजाप्रमाणे जगातील ६८ टक्के माणसे नेट वापरीत होती. उरलेली २६० कोटी वापरीत नव्हती. श्रीमंत देशांत शंभरांतली ९३ माणसे नेटवर, तर अगदी गरीब देशांत केवळ २७. युरोपात ९१, आफ्रिकेत ३८. साऱ्या जगातील शहरे एका बाजूला घेतली तर ८३ टक्के, खेडी घेतली तर ४८. बाहेर राहिलेल्या २६० कोटींपैकी १८० कोटी खेड्यांतच राहतात. म्हणजे मेळघाटातला एखादा ढाणा आणि दक्षिण सुदानातले एखादे खेडे, यांची एकमेकांशी ओळख नसली तरी ती एकाच रांगेत उभी आहेत.

आणि गंमत अशी की ही वस्तू मुळात कोणा एकाच्या मालकीची नव्हतीच. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत विश्वव्यापी जाळ्याची, म्हणजे आपण पडद्यावर जी पाने उघडतो त्या योजनेची, कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने ती साऱ्या जगाला फुकट देऊन टाकली. विद्या अशी मोकळी सोडली गेली. पण ती वाहून नेणारी तार मात्र फुकट नव्हती. तार तिकडेच जाते जिकडे तिचा खर्च भरून निघतो.

ही रीत आम्हां वऱ्हाडकरांना नवी नाही. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले ते जलंब-खामगाव हा छोटासा लोहमार्ग खुला करावयास. खामगावची कापसाची बाजारपेठ हे त्याचे कारण. त्याच साली सुवेझकडून समुद्राच्या तळाशी टाकलेली तारायंत्राची केबल मुंबईला येऊन पोचली आणि विलायतेची खबर तासांत कळू लागली. रुईच्या व्यापाऱ्याला लिव्हरपूलचा भाव कळू लागला. रुई पिकविणाऱ्याला मात्र तो कळत नव्हता. आमच्या गावावरून मूर्तिजापूर-अचलपूर अशी जी ‘शकुंतला’ धावे तीही कापसासाठीच जन्मली. एका खासगी इंग्रज कंपनीच्या मालकीचा तो अरुंद रूळ, मँचेस्टरला घडविलेले आणि १९९४पर्यंत धुराचे लोट सोडीत चाललेले तिचे इंजिन, हे सारे आता आठवणीत गेले. गाडी बंद आहे. जुनी माणसे तिची आठवण काढून हळहळतात, आणि मीही हळहळणाऱ्यांतलाच आहे. पण नकाशा उघडून पाहिला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. रूळ आणि तारा कापसाच्या काळ्या जमिनीपर्यंत आल्या आणि सातपुड्याच्या पायथ्याशी थांबल्या. वर कोरकूंच्या वस्त्या होत्या, पण कापूस नव्हता. आज मोबाइलच्या रेंजचा नकाशा काढला तर रेघ फारशी निराळी पडणार नाही.

नेट हवेतून येते अशी आपली समजूत असते. वस्तुतः शेवटचा पल्ला तेवढा हवेतून येतो. बाकी सारा प्रवास तारेतून, म्हणजे केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंतून होतो. देशोदेशींच्या देवाणघेवाणीचा जवळजवळ सगळा भार समुद्राच्या तळाशी पसरलेल्या केबल वाहतात. भारतातल्या पुष्कळशा केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर आणि मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, वर येतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदराजवळ दोन केबल तुटल्या आणि इकडे आपल्या देशातले नेट मंदावले. जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या स्फोटाने टोंगा या बेटांच्या देशाची एकुलती एक केबल तुटली, तर ती सांधेपर्यंत सुमारे पाच आठवडे तो देश जगापासून जवळजवळ तुटलेलाच राहिला. ज्याच्याकडे दहा वाटा आहेत त्याची एक बंद पडली तर त्याला कळतही नाही; ज्याच्याकडे एकच आहे त्याचे सर्वस्व तिच्यावर.

किनाऱ्यावरून ही तार शहरांत जाते, तेथून जिल्ह्याला, तेथून तालुक्याला. तालुक्यापासून खेड्यापर्यंतचा जो शेवटला टप्पा, तेथेच घोडे पेंड खाते. २०११च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना मंजूर केली. पुढे २०१५ साली तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. मुदती उलटत गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारलेल्या योजनेसाठी १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. पैसा थोडका नाही, काम झालेच नाही असेही नाही. परंतु ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेटी बसणे निराळे आणि त्या पेटीतला दिवा लागणे निराळे. एका ग्रामपंचायतीत मी अशी पेटी पाहिली. तिच्यावर कोणीतरी भक्तिभावाने हळदीकुंकवाची बोटे उमटविली होती; बहुधा प्रतिष्ठापनेच्या दिवशी. दिवा काही लागलेला नव्हता. शिपायाला विचारले तर तो म्हणाला, “लाइन कुठंतरी तुटली म्हन्ते, सर. रस्ता खोदला नं!” रस्ता खोदणारे खाते वेगळे, तार टाकणारे वेगळे आणि सांधणारा कंत्राटदार तिसराच.

डोंगरात तर याहून कठीण. टॉवर उभा करावयाचा तर त्याला वीज हवी, तारेचा दुवा हवा, आणि व्याघ्रप्रकल्पाच्या वनजमिनीतून खांब वा खंदक न्यावयाचे तर परवानग्या हव्यात. मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४ सालचा. वाघाचे रक्षण व्हावे याविषयी माझे दुमत नाही. खासगी कंपनीचे गणित मात्र साधे असते. एका टॉवरखाली किती माणसे आणि ती महिन्याकाठी किती रुपये देणार? दहा घरे या डोंगरावर, पंधरा त्या ओढ्यापलीकडे, आणि खिशात पैसा येतो तो रोजगारासाठी खाली उतरल्यावर. या गणिताचे उत्तर कंपनीला कधीच फायद्याचे येणार नाही. ते गणित सरकारनेच सोडविले पाहिजे, जसे पोस्टाचे सोडविले. पोस्टमन मेळघाटात पत्र घेऊन गेला तो पोस्टकार्डावर नफा होतो म्हणून नव्हे. जुलै २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने देशातल्या २४ हजार ६८० वंचित गावांत फोर-जी नेण्यासाठी २६ हजार ३१६ कोटी रुपये मंजूर केले, ते याच विचाराने. त्या आकड्याचा दुसरा अर्थ हाही की २०२२ पर्यंत एवढी गावे बाहेर होती.

मेळघाटाचे नाव निघाले की हरिसालचे नाव निघणारच. परतवाड्याहून धारणीला जाताना सेमाडोह ओलांडले की हे गाव लागते. २०१६ साली राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी यांनी मिळून हरिसालला देशातले पहिले ‘डिजिटल गाव’ करण्याचे ठरविले. दूरदर्शनच्या मोकळ्या पडलेल्या लहरींवरून नेट नेण्याची युक्ती तेथे योजली होती. शाळेत पडदे, दवाखान्यात शहरातल्या डॉक्टरांशी दुरून बोलण्याची सोय, दुकानात रोकडीवाचून व्यवहार, अशी स्वप्ने होती. वर्तमानपत्रांतून छायाचित्रे आली. मग २०१९ची लोकसभा निवडणूक आली आणि हरिसालचे नाव जाहीर सभांतून गाजू लागले. जाहिरातीतले हरिसाल खरे की खोटे, यावर पडदा लावून वाद झाले. त्या वादात शिरण्याचे मला कारण नाही. दोन्ही बाजूंनी हरिसालविषयी पुष्कळ बोलणे झाले. हरिसालशी बोलणे किती झाले हे ठाऊक नाही. मला एवढेच वाटते की एखादे गाव नमुन्याचे म्हणून निवडले की त्याची फार ओढाताण होते. पाहुणे येतात, यंत्रे येतात. पुढच्या वर्षी यंत्र बिघडते तेव्हा पाहुणे येत नाहीत. आणि नमुना एका गावाचा, पण धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके मिळून गावे शेकड्यांनी आहेत. त्यांच्या दृष्टीने प्रश्न नमुन्याचा नसतो. रात्री बाई अडली तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात फुकट मिळते; पण ती मिळण्यासाठी आधी फोन लागला पाहिजे. कुपोषणाच्या बातम्यांतून मेळघाट ज्यांना ठाऊक आहे त्यांनी त्या बातमीच्या शेजारी ही रेंजची गोष्टही ठेवून पाहावी.

आमच्या महाविद्यालयाला या प्रश्नाची खरी ओळख मार्च २०२० मध्ये झाली. वर्ग बंद, गाव बंद. मी घरी टेबलावर पुस्तकांची चळत रचून तिला फोन टेकवी आणि समोरच्या पडद्याला संतवाङ्मय शिकवी. हजेरीपटावर साठ-सत्तर नावे. पडद्यावर पंधरा-वीस, तीही येत-जात. जी नव्हती ती कोठे होती? मेळघाटातल्या एका विद्यार्थ्याचा आठवड्याने फोन आला. “सर, टेकडीवर चढलो. इथं एक मोहाचं झाड हाय, त्याच्या खाली एक-दोन काड्या भेटतेत. दोन पावलं सरकलो का गेल्या!” पाऊस लागला तेव्हा मोहाच्या झाडाखालचा वर्गही सुटला. सिंधुदुर्गात पशुवैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला तर घरच्यांनी डोंगरावर रेंजच्या जागी झोपडी बांधून दिली, ती हकिगत त्या पावसाळ्यात सर्वांनी वाचली असेल. आपण तिच्या जिद्दीचे कौतुक केले आणि पान उलटले. अभ्यासासाठी मुलीला पावसाळ्यात डोंगरावर बसावे लागते ही गोष्ट कौतुकाची की लाजेची, हे कोणी फारसे विचारले नाही.

हे केवळ आपलेच दैन्य असेही नाही. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास गावी, दोन लहान मुली ‘टॅको बेल’ नावाच्या खाणावळीबाहेर फरशीवर बसून तिथल्या फुकट वायफायवर शाळा करीत असल्याचे छायाचित्र जगभर गेले. नेट जेथे जन्मले त्या देशात, आणि ज्या सिलिकॉन व्हॅलीने त्याचा व्यापार केला तिच्यापासून फार लांब नव्हे! डिसेंबर २०२० मध्ये युनिसेफने हिशेब मांडला, तो असा की जगातील शाळकरी वयाच्या मुलांपैकी दोन-तृतीयांशांच्या, म्हणजे १३० कोटी मुलांच्या घरी नेट नव्हते. आपल्या देशापुरते पाहिले तर २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरातल्या ४२ टक्के कुटुंबांत नेटची सोय आढळली होती, खेड्यांतल्या १५ टक्क्यांहून कमी कुटुंबांत. आणि संगणक तर खेड्यात शंभरांत चार-पाच घरी. याच सुमारास स्वस्त नेटची लाट आली हे खरे. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१४ साली एक जीबी नेटला सरासरी २६९ रुपये पडत, ते अलीकडे नऊ-दहा रुपयांवर आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि आमच्या चौकातल्या पानटपरीवरही चित्रपट दिसू लागले. हे उपकार मानलेच पाहिजेत. मात्र जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढविले तेव्हा, रिचार्ज संपला म्हणून महिनाभर ‘बंद’ असलेले माझे विद्यार्थी पुन्हा दिसू लागले. रेंज आहे, फोन आहे, फक्त महिनाअखेरीचे दोन-तीनशे रुपये नाहीत, अशीही एक पायरी असते.

आणखी एक शीव आहे, ती डोंगरात नाही, घराच्या उंबरठ्याच्या आत आहे. एक हुशार मुलगी ऑनलाइन तासाला कधीच दिसेना. पुढे वर्ग सुरू झाल्यावर मी विचारले. ती म्हणाली, “सर, फोन भावाजवळ राह्यते. तो वावरातून संध्याकाळी येते, मंग मले भेटते. तवापर्यंत तुमचा तास संपून जाते.” तिच्या घरी फोन होता, नेट होते, रेंजही उत्तम होती. सरकारी पाहणीत ते घर ‘नेट असलेले कुटुंब’ म्हणूनच मोजले गेले असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २१ या काळात झाली. तीत ‘आपण कधी तरी नेट वापरले आहे काय’ असा प्रश्न होता. ५७ टक्के पुरुषांनी होय म्हटले, बायकांपैकी ३३ टक्क्यांनी. खेड्यांतल्या बायका तर २४.६ टक्के, म्हणजे चारांत एक. आमच्याकडे मुलगी फोन घेऊन बसली की ‘कोणाशी बोलते गं?’ हा प्रश्न आणि मुलगा घेऊन बसला की ‘पोरगा मोबाइलचा हुशार आहे!’ हे कौतुक. शहरी वाचकांनी येथे हसू नये. केरळात, साक्षरतेच्या माहेरात, एका महाविद्यालयाच्या वसतिगृहाने मुलींच्या मोबाइलवर संध्याकाळची बंदी घातली आणि ती न मानणाऱ्या मुलीला बाहेर काढले, तेव्हा ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि नेट मिळणे हे शिक्षणाच्या हक्काचे अंग आहे असे सांगितले.

शेतकऱ्याची कथा निराळी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. पूर्वी तलाठी, पुष्कळदा चावडीत बसूनच, कोणत्या गटात काय पेरले ते लिहून टाकी. आता शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून मोबाइलने पिकाचे छायाचित्र काढावयाचे, आणि तो खरोखर त्याच गटात उभा आहे हे उपग्रहाच्या साहाय्याने यंत्र पडताळून पाहते. कल्पना उत्तम, कारण खोटी नोंद टळते आणि शेतकरी कोणाचा मिंधा राहत नाही. पण ज्याच्यापाशी साधा बटणाचा फोन आहे त्याने काय करावे? आमच्या शेजारगावचे एक वृद्ध कास्तकार मला म्हणाले, “सर, वावर माहं, पऱ्हाटी माही, डोये माहे, अन् नोंद कोन करते? तं शेजाऱ्याच्या पोट्ट्याचा मोबाइल!” एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची मुभा आहे, म्हणून गावात असे दोन-चार ‘मोबाइलवाले’ पोरगे तयार झाले आहेत. कोणी चहावर काम करतो, कोणी शंभराची नोट घेतो. तलाठ्याचे मिंधेपण गेले आणि त्या जागी हे आले. नोंद राहिली तर अतिवृष्टीच्या मदतीच्या वेळी, खरेदी केंद्रावर, पीकविम्याच्या वेळी खोळंबा होतो. अर्ध्या एकराच्या माणसाला तो फार महाग पडतो.

माझ्या विषयाकडे वळल्याशिवाय मला राहवत नाही. रेंज आली, फोन आला, पैसाही आला, तरी आत गेल्यावर काय दिसते? २०११च्या जनगणनेप्रमाणे मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, हौशी मंडळींनी रात्री जागून तो वाढविला. आज त्यात जेमतेम लाखभर लेख आहेत. इंग्रजी विकिपीडियात सत्तर लाख आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आमच्याच जिल्ह्यात रिद्धपूरला, लीळाचरित्राच्या भूमीत, मराठी भाषेचे विद्यापीठही झाले. परंतु शिष्यवृत्तीच्या अर्जात शेवटी ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा’ म्हणून जी वेडीवाकडी अक्षरे पुढे येतात ती रोमनच असतात. मराठी शाळेतून आलेली मुलगी त्यापाशी घुटमळते आणि सेवा केंद्रातल्या पोराकडे फोन देते. आणि मराठीने तरी कोणत्या तोंडाने तक्रार करावी? मेळघाटातली कोरकू ही आमच्या कुळातली भाषा नव्हेच. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची पश्चिमेकडे येऊन राहिलेली बहीण. २०११ साली तिचे सव्वासात लाखांहून अधिक भाषक होते. कोरकू माणूस नेटवर जातो तेव्हा त्याला आपली भाषा घराबाहेर काढलेल्या वहाणांसारखी दारातच ठेवून आत जावे लागते. तेथे मराठी ही त्याच्यासाठी इंग्रजीच्याच जागी आहे.

येथे काही सुज्ञ वाचकांच्या ओठांवर एक प्रश्न आला असेल. ‘नाही नेट तर बरेच आहे की! आमची मुले त्यापायी बिघडली. डोंगरातली तरी सुखी राहू देत.’ हे मी अमरावतीच्या एका दिवाणखान्यात ऐकलेले आहे, आणि सांगणाऱ्या गृहस्थांच्या हातात त्या वेळी फोन होता. नेटवर केरकचरा फार आहे, पोरे रात्र-रात्र त्यात घालवितात, जुगाराचे खेळ खेळून कर्जात बुडतात, हे सारे मला मान्य आहे; शिक्षक म्हणून मी ते रोज पाहतो. परंतु ते सोडून देण्याचा अधिकार ज्याच्याजवळ आहे त्याचा असतो. ज्याला मिळालेच नाही त्याच्या वतीने आपण वैराग्य पत्करावे, हा न्याय कोठला? विजेच्या वेळीही असेच बोलणारे होते म्हणतात, आणि मुलींच्या शिक्षणाच्या वेळी तर होतेच होते. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली ती खेड्यातल्या कुणब्याच्या पोराला कॉलेजचे दार उघडावे म्हणून. शिकून पोरे बिघडतील हे त्यांनाही कोणी ना कोणी ऐकविलेच असेल.

काही देशांनी हा प्रश्न दानधर्मातून काढून कायद्यात घातला आहे. फिनलंडने १ जुलै २०१० पासून प्रत्येक नागरिकाला ठरावीक वेगाचे नेट मिळणे हा कायदेशीर हक्क केला; जगात असे करणारा तो पहिला देश. लोकसंख्या थोडी, पैसा पुष्कळ, असे कोणी म्हणेल. पण बर्फातल्या एकाकी घरापर्यंत तार नेणे हे काही मेळघाटाहून सोपे काम नव्हे. आपल्याकडे ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हे घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचे अंग आहे. तो खटला होता ॲसिड-हल्ल्यात चेहरा जळालेल्या आणि दृष्टी गेलेल्या माणसांचा. बँकेचे खाते उघडताना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करा असे यंत्र सांगे, आणि त्यांना ते शक्य नव्हते. निकाल वाचताना मला आमच्या मोहाच्या झाडाखालच्या विद्यार्थ्याची आठवण झाली. त्याला डोळे होते, फोन होता. यंत्रच त्याला पाहत नव्हते.

आता आकाशातून, थेट उपग्रहांकडून नेट येणार असे म्हणतात. जून २०२५ मध्ये ‘स्टारलिंक’ कंपनीला देशात परवाना मिळाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राने, राज्यांत प्रथमच, तिच्याशी इरादापत्र केले. दुर्गम भाग म्हणून गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि आमच्या वऱ्हाडातला वाशीम यांची नावे घेतली गेली. मेळघाटाचे नाव ठळकपणे आले नाही. येईलही पुढे. पण आकाशातले नेट घ्यावयाचे तर छपरावर तबकडी लावावी लागते, आणि ती तबकडी कोणाच्या पैशाने, हा प्रश्न पुन्हा जमिनीवरचाच आहे.

तोवर आमच्या महाविद्यालयातली मुले आपल्यापुरता उपाय करीत असतात. ग्रंथालयात वायफाय आहे, आणि बाहेरच्या व्हरांड्याच्या कोपऱ्यापर्यंत ते पोचते. शेवटचा तास संपला की डोंगराच्या बाजूची मुले तेथे भिंतीला टेकून रांगेने बसतात आणि दुसऱ्या दिवशीची व्याख्याने, जुन्या प्रश्नपत्रिका, कोणाच्या आईसाठी एखादे भजन, असे सारे फोनमध्ये उतरवून घेतात. टाक्या भरून घ्याव्यात तसे. मुलींची घाई अधिक; त्यांना पाचची एस.टी. गाठावयाची असते. परवा त्यांतली एक गाडीचा हॉर्न ऐकूनही उठेना. मी म्हटले, “अगं, गाडी जाईल!” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “सर, शहाण्णव टक्के झालं. एक मिनिट थांबा म्हणा ना ड्रायव्हरकाकांले!”